लहान घराचे आकर्षण : दोन खोल्यांची तुलना

अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ साली वॉल्डन सरोवराकाठी बांधलेली कुटी १५ फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे १५० चौरस फुटांची होती. मुंबई विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव आदी ठिकाणी उभारलेल्या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. क्षेत्रफळ जवळजवळ समान. परंतु कुटीत एकच मनुष्य राही व दाराबाहेर अरण्य होते. खोलीत संपूर्ण कुटुंब, आणि बाहेर सामाईक मार्गिका व शौचकूप. शिवाय थोरोने सुमारे सव्वादोन वर्षांनी कुटी स्वेच्छेने सोडली. चाळीतील कामगारास तशी मुभा क्वचितच असे. तात्पर्य, लहान घर रमणीय वाटते ते निवडण्याचे व सोडण्याचे स्वातंत्र्य असेल तोवरच.