दोन ताऱ्यांचं खेडं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांतला तिचा नकाशा उघडला की समुद्राला अगदी खेटून डनिच हे नाव दिसतं. तेराव्या शतकात डनिच भरभराटीचं बंदर होतं. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी त्याची दैना केली, बंदराचं तोंड बुजलं, आणि पुढं शतकानुशतकं समुद्र किनाऱ्याचा कडा पोखरत राहिला. चर्च, बाजार, गल्ल्या एकेक करून पाण्यात गेल्या. उरलं ते एक खेडं. त्या काळच्या अनेक नकाशांची पद्धत अशी, की ज्या गावातून संसदेत खासदार जातो त्या गावाच्या नावापाशी खासदारामागे एक बारीक तारा कोरायचा. या पद्धतीनं अर्ध्याहून अधिक समुद्रात गेलेल्या डनिचच्या वाट्याला दोन तारे येतात.

आता लँकेशायरचा नकाशा घ्या आणि मँचेस्टर शोधा. सूतगिरण्यांचं शहर, १८३१ च्या जनगणनेत लाखाच्या वर वस्ती. नाव ठळक अक्षरात आहे, तारा मात्र एकही नाही, कारण या शहराला तेव्हा स्वतःचा एकही खासदार नव्हता. बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड यांचीही तीच गत. उलट विल्टशायरमध्ये ओल्ड सेरम नावाची एक जवळपास ओसाड टेकडी होती. तिथलं कॅथीड्रल १२२० च्या सुमाराला खाली नव्या सॉल्झबरीत गेलं, माणसंही गेली, पण संसदेतल्या दोन जागा टेकडीवरच राहिल्या. ज्याची जमीन त्याचे खासदार. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या थॉमस पिटनं ती जागा विकत घेतली आणि १७३५ मध्ये त्याचा नातू, पुढचा प्रसिद्ध पंतप्रधान विल्यम पिट, तिथूनच संसदेत पोचला. हे सगळं त्या सुईच्या टोकाएवढ्या ताऱ्यांत आहे. १८३२ चा सुधारणा कायदा झाला, छप्पन्न गावांच्या जागा पूर्णपणे गेल्या, आणि नकाशे विकणाऱ्यांना पत्र्यावरचे तारे पुसून नव्या शहरांपाशी नवे कोरावे लागले.

पुसून म्हणजे अक्षरशः ठोकून. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले असत. कोरणारा कारागीर सगळं उलटं कोरी: उजवीकडची नदी डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं. एका काउंटीत शेकडो गावं, आणि प्रत्येक गावाचं नाव डोळ्याला ताण देणाऱ्या बारीक अक्षरात. पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून टाकायची म्हणजे ती फक्त कोरलेल्या चरांत राहते, मग ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबाखालून काढायचा. दुरुस्ती करायची तर पत्रा पालथा घालून ती जागा मागून हातोडीनं उचलायची, पुढून घासून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. त्यामुळे एकच पत्रा तीस-चाळीस वर्षं चाले आणि बदलत्या काळाचे घाव अंगावर घेत राही. छपाई काळीच होई. रंग नंतर हातानं भरत, प्रत्येक प्रतीवर वेगळा, आणि म्हणून एकाच नकाशाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीतला गुलाबी दुसरीत पिवळाही निघतो.

रंग मुख्यतः हद्दींना दिलेले असत. काउंटीच्या पोटात हंड्रेड नावाचे विभाग होते, आपल्या तालुक्याच्या जवळपासचे. १०८६ मध्ये इंग्लंडच्या विजेत्या विल्यम राजानं करवून घेतलेल्या डूम्सडे बुकातल्या जमीनमोजणीतही हे हंड्रेड आहेत, आणि सातशे वर्षांनंतर ते नकाशावर रंगीत कडांनी तसेच उभे आहेत. सगळीकडे नाव एकच नव्हतं. यॉर्कशायरमध्ये रायडिंग आणि त्यांच्या पोटात वेपनटेक, केंटमध्ये लेथ, ससेक्समध्ये रेप, उत्तरेला डरहॅममध्ये वॉर्ड. मला सगळ्यात नवल वाटतं ते तुटक्या तुकड्यांचं. डडली हे गाव वूस्टरशायरचं, पण चहूबाजूंनी स्टॅफर्डशायरनं वेढलेलं. डरहॅमचे काही तुकडे पार नॉर्थंबरलंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ. नकाशा पाहणाऱ्याला वाटावं कोरणाऱ्याची चूक झाली, पण ती चूक नव्हती. बिशपांच्या आणि सरदारांच्या जुन्या मालकीचे ते अवशेष होते. यातले बहुतेक तुकडे १८४४ च्या कायद्यानं शेजारच्या काउंटीत घातले गेले.

या काळातल्या नकाशांच्या धंद्यात दोन नावं मोठी. पहिलं जॉन कॅरी, लंडनचा. त्याचा ‘न्यू इंग्लिश ॲटलस’ १८०९ चा. कॅरीपूर्वीच्या नकाशांत नाव लिहायच्या चौकटीभोवती वेलबुट्ट्या, देवदूत, शिंगं, फळांच्या परड्या यांची गर्दी असे. कॅरीनं ती झाडून काढली. त्याचं अक्षर स्वच्छ, रेषा सडसडीत, कागदावर मोकळी हवा. माझ्या मते इतकं देखणं अक्षर कोरणारे नकाशाकार त्या देशात थोडेच झाले. १७९४ मध्ये त्यानं इंग्लंड आणि वेल्सचा जो मोठा नकाशा काढला त्यात रेखांश ग्रिनिचपासून मोजले. तोवर अनेक जण लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलपासून मोजत. जगानं ग्रिनिच मान्य केलं ते १८८४ मध्ये.

दुसरा ख्रिस्तोफर ग्रीनवुड, यॉर्कशायरचा, मोजणीदार. त्यानं १८१७ च्या सुमाराला आपल्याच काउंटीपासून सुरुवात केली आणि साऱ्या इंग्लंडची नव्यानं मोजणी करून मैलाला एक इंच या प्रमाणात नकाशे काढायचा घाट घातला. त्याच्या नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची सूची एखाद्या गोष्टीसारखी वाचत जावी अशी आहे. चर्च आणि प्रार्थनाघरं, किल्ले आणि मठ, पवनचक्क्या, पाणचक्क्या, टोलनाके, झाडी, माळरानं, कालवे आणि त्यांवरचे पाण्याचे दरवाजे. पवनचक्कीची खूण म्हणजे खांबावर आडवेतिडवे पंख. ती दळणासाठी होती, पण मोजणीदाराच्याही उपयोगाची: सपाट मुलखात लांबून दिसणारी पवनचक्की किंवा चर्चचा मनोरा यांवर दुर्बीण रोखून तो कोन मोजी. सरकारनंही देशाची मोजणी चालवली होती; ती पुढे सरकत गेली तशी खासगी बळावर साऱ्या देशाला हात घालणाऱ्या ग्रीनवुडची दमछाक झाली आणि काही काउंट्या राहून गेल्या. झालं तेवढंही थक्क करणारं आहे.

रस्त्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. टोल घेणारा मोठा रस्ता म्हणजे टर्नपाइक. तो दोन समांतर रेषांनी दाखवत आणि त्यातली एक रेष मुद्दाम जाड ठेवत. टोल देऊन जायचा रस्ता चांगला ठेवलेला असे, टपालगाडी त्यावरूनच धावे, म्हणून नकाशा घेणाऱ्याला ती जाड रेष आधी दिसायला हवी. १८३० च्या दशकात असे रस्ते चालवणारी सुमारे हजार मंडळं होती आणि त्यांच्या ताब्यात वीस हजार मैलांहून अधिक रस्ते. गावाच्या नावाजवळ एखादा आकडा दिसतो, ते लंडनपासूनचं अंतर. पण लंडनमध्ये नेमकं कुठून? पश्चिमेचे रस्ते हाइड पार्क कॉर्नरपासून मोजत, तर उत्तर-पूर्वेचा एखादा शोरडिच चर्चपासून. मोजणारा माणूस दांडीला लावलेलं मोठं चाक ढकलत साऱ्या वाटेनं चालत जाई आणि चाकाला जोडलेली तबकडी अंतर सांगे. टपाल खात्याच्या प्रमुखानं कॅरीला हेच काम दिलं आणि त्यातून १७९८ मध्ये त्याचं प्रवाशांसाठीचं रस्त्यांचं पुस्तक निघालं.

रस्त्याच्या दोन्ही रेषा सलग असतील तर दोन्हीकडे कुंपण आहे. त्या तुटक, ठिपक्यांच्या झाल्या की रस्ता उघड्या माळावरून, गायरानातून चालला आहे. हा फरक फार मोलाचा. साधारण १७५० ते १८५० या काळात इंग्लंडच्या संसदेनं सुमारे चार हजार कायदे करून गायरानं आणि सामाईक शेतं कुंपणात घातली, मोठ्या जमीनदारांच्या नावे केली. ज्या कुटुंबाची एक गाय आणि चार बदकं त्या गायरानावर पोसली जात त्याचं काय झालं, हे नकाशा सांगत नाही. पण १८०० चा नकाशा आणि १८३० चा नकाशा शेजारी ठेवले तर ठिपक्यांच्या जागी सलग रेषा आलेल्या दिसतात, आणि मला त्या रेषा पाहून वाईट वाटतं.

त्याच नकाशावर जमीनदारांच्या बागा मात्र थाटात आहेत: भोवती बारीक खुंट्यांचं कुंपण, आत ठिपक्यांची छटा, चार सुबक झाडं. नकाशा छापायला पैसा लागे, तो आगाऊ वर्गणीतून उभा राही, आणि आपला वाडा नकाशावर असावा असं वर्गणीदाराला वाटे. म्हणून शंभर घरांचं खेडं एका ठिपक्यात आणि एका घराची बाग दोन बोटं जागा अडवून बसलेली, असं चित्र अनेक पत्रकांवर आहे.

डोंगर दाखवणं हा नकाशाकारांचा सगळ्यात अवघड पेच. आधीच्या शतकांत ते एका बाजूनं पाहिलेले, उशा मांडल्यासारखे काढत; त्यांच्यामागे काय आहे ते झाकलं जाई. नंतर वरून पाहायची रीत आली आणि उताराच्या दिशेनं, पाणी वाहील त्या बाजूला, बारीक रेघा मारू लागले. उतार उभा तशा रेघा जाड आणि दाट. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या योहान लेमान या लष्करी अधिकाऱ्यानं १७९९ मध्ये या रेघांना गणिताची शिस्त लावली. इंग्लिश काउंटी नकाशांत ती शिस्त क्वचितच पाळलेली दिसते. तरी खोऱ्याची घडण डोळ्यांना कळते. उंची मात्र कळत नाही, कारण समान उंचीच्या रेषा अशा नकाशांवर अजून यायच्या होत्या.

कालव्यांची रेघ ठळक, आणि तिच्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा. त्या पाण्याच्या दरवाजांच्या. होडी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवायची ती जागा. १७९० च्या दशकात कालवे खणायचं वेड देशभर पसरलं. त्या खोदाईत विल्यम स्मिथ हा मोजणीदार काम करत होता. खणलेल्या मातीत खडकांचे थर ठरावीक क्रमानं येतात आणि प्रत्येक थराचे जीवाश्म वेगळे असतात, हे त्याच्या ध्यानात आलं. १८१५ मध्ये त्यानं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूगर्भीय नकाशा काढला, पंधरा पत्रकांचा, हातानं रंगवलेला. तो प्रसिद्ध केला जॉन कॅरीनं, आणि खालचा नकाशाही कॅरीचाच. खडकांचा असा साऱ्या देशाचा तपशीलवार नकाशा तोवर कुणीच काढला नव्हता.

आणि कॅरी घराण्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. जॉनचा भाऊ विल्यम कॅरी लंडनमध्ये मोजणीची उपकरणं बनवी. कोन मोजायचं त्याचं प्रचंड थिओडोलाइट, वजन सुमारे अर्धा टन, मोजणीदार विल्यम लॅम्बटनसाठी जहाजानं भारतात निघालं. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून मॉरिशसला नेलं, पण शास्त्राचं उपकरण म्हणून तिथल्या गव्हर्नरनं ते सन्मानानं मद्रासला धाडून दिलं. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाची रेषा मोजून लॅम्बटननं भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथंच आहे.

जॉन कॅरीचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतर जी. एफ. क्रचली या नकाशे विकणाऱ्याकडे गेले. त्यानं जुन्या रस्त्यांवरून, बागांवरून लोहमार्गांच्या काळ्या रेघा ओढल्या आणि तोच माल नव्या गिऱ्हाइकाला विकला. मोठ्या ग्रंथालयांनी असे कितीतरी नकाशे आता आंतरजालावर खुले केले आहेत. एकाच काउंटीचे दोन निवडा, एक १८०९ च्या आसपासचा आणि एक १८५० चा, आणि तासभर दोन्हींवर बोट फिरवा. आधी टोलनाके शोधा, मग गायरानं, मग आगगाडीची पहिली रेघ.