ऑर्गन आणि अभंग

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. उपासनेत पाश्चात्य चालीही आल्या. पण त्यांत मराठी शब्द ओढूनताणून बसवावे लागत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी अशा देशी छंदांत भजने रचली आणि ती लोकांच्या ओठी सहज बसली.

पाइप ऑर्गन हे पाश्चात्य चर्चमधील वाद्य होय. त्यात भात्याचा वारा नळ्यांत सोडतात. नळी जितकी लांब, तितका स्वर खालचा. लांबी निम्मी केली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. शेकडो नळ्यांचे हे धूड खेड्यातील उपासनामंदिरात कोठून मावणार! आता खऱ्या ऑर्गनच्या एकेका नळीचा स्वर ध्वनिमुद्रित करून संगणकात साठवतात. पट्टी दाबताच तो ध्वनिवर्धकातून उमटतो. हाच आभासी ऑर्गन.

त्यावर अभंग वाजवणे मात्र सोपे नव्हे. पट्टी जोराने दाबा वा हळू, नाद तेवढाच; दोन स्वरांना जोडणारी मींड तर निघतच नाही. पाश्चात्य स्तोत्रात चार आवाज एकदम चालतात, अभंगात चाल एकच. त्यावर चार सुरांचा भार घातला की शब्द बुडतात. म्हणून जाणता वादक पायाखालच्या पट्टीवर षड्ज धरतो, उजव्या हाताने चाल घेतो आणि ओळ संपताच बोटे उचलतो. ऑर्गनला दम लागत नाही, पण गाणाऱ्यांना लागतो. शेवटच्या कडव्यास तो आणखी नळ्यांचे स्वर मिळवतो; तेव्हा मागच्या रांगेतील मुलांचेही आवाज चढतात.