भंडारा जिल्ह्यातील दिवाळीचा समारोप व हिवाळा

पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात दिवाळीचा समारोप, धानाची कापणी आणि थंडीचे आगमन या तिन्ही गोष्टी कार्तिक महिन्यात एकत्र येतात. आकाशकंदील, तोरणे व रोषणाई उतरवण्याचे दिवस आणि वर्षभराचे पीक शेतातून घरी आणण्याचे दिवस जवळपास एकच असतात. जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. कापून ठेवलेल्या धानावर पडणारा अवकाळी पाऊस, रब्बी पिकांवरील गारपीट आणि अधूनमधून येणारी थंडीची लाट ही येथील हिवाळ्यातील मुख्य संकटे होत.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात असून भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे त्याचे सात तालुके आहेत. पूर्वी गोंदिया हा भाग याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून होणारा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. धान हे या प्रदेशाचे मुख्य पीक असून माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजेच ‘मामा तलावां’च्या, पाण्यावर त्याची शेती दीर्घकाळ चालत आली आहे. शेतीचे हे वेळापत्रक आणि सणांचे पंचांग यांची येथे घट्ट सांगड आहे.

हवामान

‘हिवाळा’ हा शब्द संस्कृत ‘हिमकाल’ या शब्दापासून आला आहे. शब्दात हिम असले तरी भंडाऱ्यात ते पडत नाही. जिल्हा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर व कमी उंचीच्या मैदानी प्रदेशात आहे. हिमकण जमिनीपर्यंत न वितळता पोहोचण्यासाठी ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याहून थंड असावी लागते; तशी स्थिती येथे निर्माण होत नाही. महाराष्ट्रात महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठतात. तेही आकाशातून पडणारे हिम नसून जमिनीलगत तयार झालेले बर्फाचे कण असतात.

असे असले तरी हिमालयातील बर्फाचा परिणाम भंडाऱ्यापर्यंत जाणवतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वातावरणीय विक्षोभांमुळे हिमालयात बर्फवृष्टी होते. विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडील थंड व कोरडे वारे मध्य भारताकडे वाहू लागतात. समुद्रापासून दूर असल्याने विदर्भात हवेतील बाष्प कमी असते. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता वेगाने निघून जाते आणि पहाटे तापमान उतरते. नदी, तलाव व ओलसर बांध्यांच्या परिसरात अशा वेळी दाट धुके पडते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली गेल्यास थंडीची लाट मानली जाते. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट जाहीर होते. शेजारच्या नागपूर शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदवले गेले होते.

दिवाळीचा समारोप

दिवाळीतील मुख्य दिवस भाऊबीजेला संपत असले तरी दिव्यांचा काळ तेथे संपत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीविवाह होतात. तुळशीवृंदावनाभोवती उसाचा मांडव घालून आवळे, चिंचा व बोरे वाहिली जातात. पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला, मंदिरांत व जलाशयांकाठी दिवे लावले जातात. दारावरचा आकाशकंदील अनेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा या पौर्णिमेपर्यंत ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. ही पौर्णिमा बहुधा नोव्हेंबर महिन्यात येते.

झाडीपट्टीत या काळाला मंडईचीही जोड असते. भाऊबीजेपासून गावोगावी वेगवेगळ्या दिवशी मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार व खडी गंमत आणि रात्री नाटक असे तिचे स्वरूप असते. परगावचे नातेवाईक व सासुरवाशिणी यानिमित्त गावी येतात. सोयरिकीच्या बोलण्यांनाही येथेच सुरुवात होते. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगामही दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या रंगभूमीचे प्रमुख केंद्र आहे. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. नाटके रात्रभर चालत असल्याने प्रेक्षक घोंगडी, चादरी व ब्लँकेट घेऊनच येतात.

सजावटीच्या साहित्याची व्यवस्था

सजावट उतरवल्यानंतर तिच्या वस्तूंची व्यवस्था त्या कशापासून बनल्या आहेत यावर अवलंबून असते.

आकाशकंदील : पारंपरिक आकाशकंदील बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पतंगी कागद चिकटवून तयार केला जातो. हिवाळ्यातील दवाने कागद सैल पडतो व खळ सुटते. कागद काढून टाकून सांगाडा कोरड्या जागी टांगल्यास तो पुढील वर्षी पुन्हा वापरता येतो. ओलसर कोपऱ्यात ठेवलेल्या कामट्यांना बुरशी व कीड लागते.

तोरणे व फुले : आंब्याची पाने व झेंडूची फुले कुजणारी असल्याने त्यांचे खत होते. झेंडूचे पूर्ण वाळलेले फूल उकलल्यास देठाकडील भागात बारीक, काळसर, लांबट बी मिळते. गावठी झेंडूचे बी पुढील हंगामात पेरता येते. संकरित वाणाच्या बियांपासून मात्र मूळ झाडासारखीच फुले येतील याची खात्री नसते.

पितळी दिवे : भंडारा शहर पितळी भांड्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे आणि समया, निरांजने व तांबण ही घरोघरीची नित्याची भांडी आहेत. तेलाचा थर व ओल राहिल्यास पितळेवर हिरवट कळंक चढतो. म्हणून चिंच किंवा लिंबू लावून घासणे, स्वच्छ धुणे व पूर्ण कोरडे करूनच ठेवणे आवश्यक असते. चिंचेतील आम्लामुळे धातूवरील ऑक्साइडचा थर विरघळतो.

विजेच्या माळा : माळा उतरवण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा लागतो. दवाने भिजलेल्या किंवा आवरण फाटलेल्या तारांतून विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. माळ पुठ्ठ्यावर सैल गुंडाळल्यास तार मोडत नाही.

थर्माकोल व प्लास्टिक : महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेद्वारे सजावटीसाठी थर्माकोलच्या वापरावर बंदी घातली. थर्माकोल कुजत नाही. तो, तसेच प्लास्टिकची फुले व चमकीचे कागद शेकोटीत टाकल्यास विषारी धूर व काजळी निर्माण होते. सजावट उतरवण्याचे दिवस आणि शेकोट्या पेटू लागण्याचे दिवस एकच असल्याने ही काळजी येथे विशेष महत्त्वाची ठरते.

धानाची कापणी व अवकाळी पाऊस

कमी मुदतीचे, म्हणजे हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येते, तर जास्त मुदतीच्या भारी धानाची कापणी नोव्हेंबरअखेर किंवा त्यानंतरही चालते. कापलेले धान काही दिवस बांधीतच पसरून वाळवले जाते. या पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. कडपा वाळल्यावर त्याचे भारे बांधून पुंजणे रचले जाते आणि सवडीने मळणी केली जाते. मळणीनंतर उरणारी तणस हा जनावरांचा वर्षभराचा चारा होय.

पीक कडपा अवस्थेत असतानाचे दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे किंवा चक्रीवादळांमुळे या काळात विदर्भात पाऊस पडू शकतो. भिजलेल्या लोंब्यांतील दाण्यांना अंकुर फुटतात, दाणा काळवंडतो आणि तणसही खराब होते. शासकीय आधारभूत खरेदी केंद्रांवर धानातील आर्द्रतेची कमाल मर्यादा १७ टक्के असल्याने भिजलेले धान नीट वाळवल्याशिवाय तेथे विकता येत नाही. म्हणून ढगाळ वातावरण दिसताच कडपा गोळा करणे, पुंजणे उंचवट्यावर रचणे आणि ते ताडपत्रीने झाकणे ही कामे इतर सर्व कामांच्या आधी केली जातात. यंत्राने कापणी व मळणी एकदम केल्यास कडपा पडून राहण्याचा धोका टळतो. मात्र धान नंतर वाळवावे लागते व तणस गोळा करणे अवघड जाते.

थंडीतील व्यवहार

पहाटे व सायंकाळी घरापुढे किंवा चौकात शेकोटी पेटवली जाते. तुराट्या, वाळके लाकूड व गोवऱ्या हे तिचे नेहमीचे सरपण होय. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड जाळल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग वा वास नसल्याने झोपलेल्या माणसाला धोका कळत नाही व मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे शेगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या लावून झोपणे टाळावे लागते. नवजात बालके, वृद्ध, श्वसनविकार असलेले रुग्ण व उघड्यावर राहणारे मजूर यांना थंडीचा त्रास सर्वाधिक होतो.

गोठ्यात गुरांखाली कोरडी तणस अंथरली जाते आणि वाऱ्याच्या बाजूला पोती बांधली जातात. उन्हाळी धानासाठी डिसेंबर-जानेवारीत पऱ्हे टाकले जातात. थंडीमुळे बियाण्याची उगवण लांबते आणि रोपे पिवळी पडतात. यावर उपाय म्हणून मोड आणलेले बियाणे पेरले जाते, रोपवाटिकेत सायंकाळी पाणी भरून सकाळी ते काढून टाकले जाते आणि रात्री रोपांवर आच्छादन घातले जाते. पाणी जमिनीपेक्षा हळूहळू थंड होत असल्याने रात्रभर साठलेले पाणी रोपांना ऊब देते. सकाळी ते काढल्यावर वाफा उन्हाने लवकर तापतो.

गारपीट

जिल्ह्यात आकाशातून पडणारे बर्फ केवळ गारांच्या रूपात दिसते. गारा व हिम यांची निर्मिती मात्र भिन्न आहे. उत्तरेकडील थंड, कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांचा संगम झाल्यास उंच गडगडाटी ढग तयार होतात. त्यांतील जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाह पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वरच्या थरांत नेतात. गोठलेल्या कणावर बर्फाचे थर चढत जातात आणि वजन पेलेनासे झाले की गार खाली पडते. ती वेगाने कोसळत असल्याने जमिनीलगतची हवा उबदार असली तरी पूर्ण वितळत नाही.

विदर्भात गारपीट प्रामुख्याने हिवाळ्याच्या उत्तरार्धात व उन्हाळ्याच्या सुरुवातीस होते. या वेळी हरभरा, गहू, जवस, लाखोरी व भाजीपाला शेतात उभा असतो आणि आंब्याला मोहोर आलेला असतो. काही मिनिटांच्या गारपिटीने घाटे गळतात, ओंब्या मोडतात आणि मोहोर झडतो. जुन्या घरांवरील कवेलू फुटतात. पक्षी व लहान जनावरे दगावतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दीर्घकाळ चाललेली गारपीट व अवकाळी पाऊस ही राज्यातील अलीकडच्या काळातील मोठी आपत्ती मानली जाते. गारा पडत असताना विजाही कोसळत असल्याने झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आसरा घेणे सुरक्षित असते.

नुकसानभरपाई

केंद्र शासनाच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत गारपीट, थंडीची लाट व दंव-हिम यांचा समावेश अधिसूचित आपत्तींमध्ये आहे. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यास मदत देय असते. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. नुकसानीचा पंचनामा महसूल, ग्रामविकास व कृषी विभागांचे गावपातळीवरील कर्मचारी करतात.

२०१६ च्या खरीप हंगामापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या सूचनांत कडप्याच्या अवस्थेचा स्वतंत्र विचार होता. कापणीनंतर शेतात वाळत असलेल्या पिकाचे १४ दिवसांच्या आत गारपीट, चक्रीवादळ किंवा अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास आणि ते ७२ तासांत कळवल्यास भरपाईची तरतूद होती. महाराष्ट्रात २०२५ च्या खरीप हंगामापासून योजनेचे स्वरूप बदलून भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर आधारित करण्यात आली. त्यामुळे कापून ठेवलेल्या धानाचे वेळेत रक्षण करण्याचे महत्त्व अधिक वाढले आहे.

इतरत्र आढळणाऱ्या समान प्रथा

सजावट उतरवण्याचा दिवस ठरलेला असणे आणि त्यानंतर कामाचा हंगाम सुरू होणे ही गोष्ट इतर समाजांतही आढळते. नाताळची सजावट अनेक ख्रिस्ती देशांत ५ किंवा ६ जानेवारीला, म्हणजे नाताळच्या बाराव्या रात्रीच्या सुमारास, उतरवली जाते. स्वीडनमध्ये ती १३ जानेवारीला संत क्नूट यांच्या दिवशी काढली जाते. इंग्लंडमध्ये ६ जानेवारीनंतरचा पहिला सोमवार ‘नांगराचा सोमवार’ म्हणून ओळखला जात असे आणि सुटीनंतर नांगरणीचे काम त्या दिवसापासून पुन्हा सुरू होई. तेथे सजावट उतरते तेव्हा नव्या नांगरणीचे दिवस आलेले असतात. भंडाऱ्यात ती उतरते तेव्हा तयार पीक अजून शेतात असते. म्हणूनच येथे आकाशकंदील खाली येण्याच्या सुमारास लोकांचे लक्ष आकाशातील ढगांकडे असते.