एकमत कोणाचे? : हॅशग्राफ नावाच्या खातेवहीविषयी

लेखणी ज्याच्या हातात वही त्याची, आणि वही ज्याची जमीनही बहुधा त्याचीच, हे या देशातल्या निरक्षर ठेवल्या गेलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. सावकाराच्या खतावणीवर अंगठा उठवणाऱ्याला त्यावर आकडा किती लिहिला आहे हे वाचता येत नव्हते. कुलकर्ण्याच्या दप्तरात आपले नाव कोणत्या रकान्यात पडले आहे, हे पाहण्याची त्याला मुभा नव्हती. त्यामुळे कोणा एकाच्या ताब्यात नसलेली, लिहिल्यावर गुपचूप खाडाखोड करता न येणारी वही शक्य आहे, असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा तो प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहत नाही. अशी वही देण्याचा दावा करणारे ब्लॉकचेन हे नाव आज बहुतेकांच्या कानावर आहे. त्याला पर्याय म्हणून पुढे आलेले हॅशग्राफ हे तंत्र मात्र आपल्या वर्तुळात फारसे परिचित नाही. त्याची ओळख करून द्यावी आणि त्याचा दावा आपल्या बाजूने तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी ब्लॉकचेन समजून घेऊ. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनची वही सुरू झाली. या वहीची प्रत एका बँकेत नसते, ती हजारो यंत्रांवर असते. व्यवहारांचा एक गठ्ठा करायचा, म्हणजे ब्लॉक, आणि त्यावर आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा उमटवायचा, अशी तिची रीत. या ठशाला हॅश म्हणतात. मजकुरातला एक काना जरी बदलला तरी ठसा साराच्या सारा बदलतो. म्हणून मागच्या पानावर कोणी हात फिरवला, तर पुढची सगळी पाने ओरडून सांगतात. पुढचा गठ्ठा कोणी बांधायचा, हे ठरवण्यासाठी यंत्रांमध्ये एक प्रचंड आकडेमोडीची शर्यत लागते. सरासरी दर दहा मिनिटांनी कोणी तरी ती जिंकतो.

यातल्या दोन उणिवा ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, दोघांनी जवळजवळ एकाच वेळी गठ्ठे बांधले तर पुढे त्यांतला एकच टिकतो, दुसरा टाकून द्यावा लागतो. म्हणून वेग मुद्दाम मंद ठेवावा लागतो आणि शर्यतीत वीज अफाट जळते. दोन, शर्यत जिंकणारा त्या गठ्ठ्यापुरता राजा असतो. कोणाचा व्यवहार आत घ्यायचा, कोणाचा बाहेर ठेवायचा, कोणाचा आधी आणि कोणाचा मागून, हे तोच ठरवतो. जो अधिक शुल्क देईल तो रांगेत पुढे जातो. म्हणजे वहीतली नोंद बदलता येत नाही हे खरे, पण रांग बदलता येते. आणि रांगेचा अर्थ काय असतो, हे पाणवठ्यावर ताटकळलेल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या दुसऱ्या उणिवेवर नेमके बोट ठेवणारे तंत्र म्हणजे हॅशग्राफ. लीमन बेअर्ड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ते शोधले. मान्स हार्मन यांच्यासह त्यांनी स्वर्ल्ड्स नावाची कंपनी काढली आणि २०१६ साली या रीतीचे विवेचन करणारा निबंध प्रसिद्ध केला. यात गठ्ठा नाही, शर्यत नाही आणि राजाही नाही. आहे ती कानोकानी पसरणारी बातमी.

समजा, पाच सभासद आहेत. प्रत्येक जण वरचेवर कोणाही एकाला गाठतो आणि त्याला ठाऊक नसलेले सारे सांगून टाकतो. ऐकणारा लगेच एक चिठ्ठी करतो. तिच्यावर आपल्या मागच्या चिठ्ठीचा ठसा, सांगणाऱ्याच्या शेवटच्या चिठ्ठीचा ठसा, नवे व्यवहार असतील तर ते, वेळ आणि स्वतःची सही असते. म्हणजे बातमीबरोबर ती कोणी कोणाला सांगितली याचाही हिशेब पसरत जातो. सारे ठसे एकमेकांत गुंफून जे जाळे विणले जाते, तोच हॅशग्राफ. यातली कोणतीही खरी चिठ्ठी फेकून द्यावी लागत नाही. दोघांनी एकाच वेळी लिहिले तर दोन्हीही राहतात.

आता क्रम कसा ठरतो ते पाहू. पूर्वीच्या पद्धतींत सभासदांनी एकमेकांना मते पाठवावी लागत, आणि सभासद वाढले की मतांच्या निरोपांचा डोंगर होई. येथे मत पाठवावेच लागत नाही. कोणाला काय केव्हा कळले याचा तोच इतिहास प्रत्येकाच्या हाती असतो. तेव्हा अमुक सभासदाने नियमाप्रमाणे काय मत दिले असते, हे प्रत्येकाला आपल्या घरी बसून मोजता येते. सारे स्वतंत्रपणे मोजतात आणि एकाच उत्तराला येतात. बेअर्ड यांनी याला आभासी मतदान म्हटले. व्यवहाराची वेळही कोणा एकाच्या घड्याळावर ठरत नाही. मोजणीत धरलेल्या सभासदांपर्यंत तो केव्हा केव्हा पोचला, त्या वेळा क्रमाने मांडून मधली वेळ, म्हणजे मध्यक, खरी मानतात. एखाद्याने खोटी वेळ सांगितली तरी मध्यक फारसा हलत नाही. कोणाला मागे ढकलण्याचा अधिकार एका हातात राहत नाही. हे या तंत्राचे खरे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या हिशेबाला एक अट आहे. १९८२ साली लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज यांनी 'बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न' मांडला. वेढा घालून बसलेल्या सेनापतींत काही फितूर असतील, तर प्रामाणिकांचे एकमत कसे व्हावे? तोंडी निरोपांवरच विसंबायचे, तर फितूर एकतृतीयांशापेक्षा कमी असतील तरच ते होते, असे त्यांनी दाखवून दिले. हॅशग्राफचे गणितही याच मर्यादेत उभे आहे. दोनतृतीयांशांहून अधिक प्रामाणिक असतील, तरच क्रम खात्रीचा.

माझ्या मते सारा प्रश्न येथेच येऊन ठेपतो. दोनतृतीयांश, पण कितींच्या? हा अपूर्णांक मोजायचा तर आधी एकूण किती हे ठाऊक हवे. म्हणजे सभासदांची यादी हवी. यादी आली की यादीत कोण आणि यादीबाहेर कोण, हा प्रश्न आला. एकमत कसे होते, हे गणित सांगते. एकमत कोणाचे, हे गणित सांगत नाही. ते कोणी तरी आधीच ठरवलेले असते.

मग प्रत्येक माणसाला एक मत का देत नाहीत? देता येत नाही याला तांत्रिक कारण आहे, आणि ते खोटे नाही. संगणकांच्या जाळ्यात एकच इसम हजार खोट्या नावांनी उभा राहू शकतो. म्हणून मत अशा कशाला तरी बांधावे लागते की जे फुकट वाढवता येणार नाही. बिटकॉइनने ते यंत्रे आणि विजेला बांधले. इथेरियमने सप्टेंबर २०२२ पासून ते नाण्यांच्या ठेवीला बांधले. हॅशग्राफवर उभ्या राहिलेल्या हेडेरा या सार्वजनिक जाळ्याने यंत्रे चालवण्याचे काम आरंभी एका निमंत्रित परिषदेकडे दिले आणि मताचे वजन ठेवलेल्या नाण्यांवरून मोजण्याची रीत स्वीकारली. हेडेराची वही सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वांना वापरासाठी खुली झाली. परिषदेत जास्तीत जास्त ३९ सभासद असावेत असे ठरले. गूगल, आयबीएम, बोइंग, आपल्याकडील टाटा कम्युनिकेशन्स आणि विप्रो अशा कंपन्या, तसेच मद्रासची आयआयटी, वेगवेगळ्या वर्षी तिच्यात आल्या.

मार्च २०२३ मध्ये हेडेराच्या जाळ्यातील करारविषयक आज्ञावलीतली एक फट शोधून कोणी तरी काही खात्यांतली नाणी पळवली. तेव्हा चालकांनी जाळ्यात शिरण्याची दारेच काही काळ बंद केली आणि फट बुजवली. चोरी थांबली ही गोष्ट चांगलीच झाली. पण ज्या वहीला कोणी धनी नाही असे आपण समजत होतो, तिच्या दाराची किल्ली कोणाच्या तरी कनवटीला आहे, हेही त्या दिवशी दिसले. हॅशग्राफवर सुरुवातीला पेटंट होते. परिषदेने २०२२ मध्ये त्याचे हक्क विकत घेऊन ते खुले करण्याचे ठरवले आणि २०२४ मध्ये हेडेराची आज्ञावली 'हिएरो' या नावाने लिनक्स फाउंडेशनच्या स्वाधीन झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र आज्ञावली वाचता येणे वेगळे आणि मोजणीत धरले जाणे वेगळे.

आपल्या चळवळीला हा भेद नवा नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी मताधिकाराची पात्रता उंच ठेवली की अस्पृश्य समाज मतदारयादीबाहेरच कसा राहतो, हे दाखवून दिले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ज्याची ठेव मोठी त्याचे मत जड, हे तत्त्व आपण लढून मोडीत काढले. ते संगणकाच्या भाषेत परत येत असेल, तर त्याला केवळ नवे म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

हा प्रश्न दूरच्या अमेरिकेतला आहे असेही कोणी समजू नये. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. हे जाळे हॅशग्राफचे नव्हे, पण न पुसता येणारी नोंद हे तत्त्व तेच. बोगस दाखल्यांवर राखीव जागा बळकावणाऱ्यांना आळा बसेल, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. खोटा दाखला सादर करणारा आपल्याच मुलाच्या तोंडचा घास काढत असतो.

तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. ठसा सांगतो तो एवढेच, की दिलेला दाखला नंतर बदललेला नाही. देताना तो खरा होता की नाही, हे ठशाला कळत नाही. आणि ज्याला दाखला मिळालाच नाही, त्याच्याविषयी ही वही अवाक्षर काढत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या घरातले पहिले मूल आत्ता कॉलेजात आले, त्या घरात तेवढा जुना शाळेचा दाखला कोठून यावा? अडवणूक नोंदीच्या आधी होते, आणि वहीचे सारे गणित नोंदीनंतर सुरू होते.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. नोंद पुसता न येणे हे नेहमीच दुबळ्याच्या हिताचे असते असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नावे जन्मावरून पोलिसांच्या यादीत घातली. ती यादी कायद्याने रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ती न पुसता येणाऱ्या वहीत, हजार ठिकाणी प्रती ठेवून लिहिली गेली असती तर? जी वही सावकाराची खाडाखोड थांबवते, तीच वही शासनाचा अन्यायही कायमचा करू शकते. म्हणून चूक झाल्यास वर दुरुस्तीची नोंद कोण लिहील, कोणाच्या अर्जावर आणि किती दिवसांत, हे आधी लिहून घेतल्यावाचून अशा कोणत्याही योजनेला कार्यकर्त्यांनी मान डोलावू नये.

यावर उपाय तंत्राकडे पाठ फिरवणे हा नव्हे. अक्षरओळख नव्हती म्हणून आपण कीर्द-खतावणीला फसलो. आता आकडेमोडीची ओळख नाही म्हणून या नव्या वहीला फसायचे काय? हॅशग्राफची रीत समजायला संगणकही लागत नाही. वर्गात पाच मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या द्याव्यात, दोघादोघांनी बोलून वर सांगितल्याप्रमाणे त्या लिहाव्यात आणि फळ्यावर रेघांनी जोडाव्यात. कोणाला काय केव्हा कळले, हे मुले तासाभरात मोजू लागतील. मग सहाव्या मुलाला दाराबाहेर उभे करून शिक्षकांनी विचारावे, की या पाचांचे एकमत त्यालाही बंधनकारक आहे काय, आणि असेल तर ते कोणी ठरवले?