सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठलेली माणसे

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार. इंग्लंडातील लिव्हरपूल शहर आणि तेथील अ‍ॅनफिल्डचे फुटबॉल मैदान. पाहुणा संघ संडरलँडचा. घरचा संघ दोन गोलांनी पुढे. अशा वेळी घरचा प्रेक्षक पाणी प्यायलासुद्धा जागचा उठत नाही. पण खेळाचे ७७ वे मिनिट लागले आणि गॅलऱ्यांतून माणसे उठू लागली. दहा-वीस नव्हे, सुमारे दहा हजार! मालकांच्या हावरेपणाविरुद्ध घोषणा देत ती दरवाजाबाहेर पडली.

सत्त्याहत्तरच का? तर मालकांनी पुढच्या हंगामात सर्वात महागड्या तिकिटाचा दर ५९ पौंडांवरून ७७ पौंड करायचे जाहीर केले होते. म्हणून मिनिटही तेच निवडले.

७७ पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेसात हजार रुपये. पण वाचकहो, रुपयांत हिशेब करून फसायला होते. तेथली मजुरीही पौंडांतच मिळते. तेव्हा हिशेब तासांत करू. त्या वर्षी इंग्लंडात प्रौढ कामगाराची कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला ६ पौंड ७० पेन्स होती. म्हणजे दीड तासाच्या खेळासाठी साडेअकरा तास राबायचे, तेही एकट्याच्या तिकिटासाठी. पोराला बरोबर न्यायचे तर बापाने काय करावे?

क्लबची बाजूही सांगितली पाहिजे. अनेक तिकिटांचे दर तेच राहतील किंवा उतरतील, काही तिकिटे ९ पौंडांनाही मिळतील, असे क्लबचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. पण लोकांचे उत्तर साधे होते : आज वरचा दर चढू दिला, तर उद्या खालचाही त्याच्या मागे चढणार. चाहत्यांच्या दोन संघटनांनी हाक दिली आणि लोकांनी ती ऐकली.

त्या दिवशी पुढे काय झाले तेही ऐका. रिकाम्या खुर्च्यांसमोर संडरलँडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांनी, १० फेब्रुवारीला, अमेरिकन मालकांनी जाहीर माफी मागितली. दरवाढ मागे घेतली आणि ५९ पौंडांचा दर दोन हंगामांसाठी कायम केला.

लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे शहर. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आपल्या मुंबई बंदरातून निघालेल्या कापसाच्या गाठी याच शहराच्या धक्क्यावर उतरत आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांत जात. फुटबॉल वाढला तो या गिरण्या-गोद्यांच्या वस्त्यांतच. १८५० च्या कायद्याने इंग्लंडातल्या कापडगिरण्यांत शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले. पुढे सामन्याची वेळ ठरून गेली ती शनिवारी दुपारी तीन. भोंगा झाला की मजूर थेट मैदानावर. (आपल्याकडे गिरणी कामगारांना आठवड्याची साधी एक सुट्टी मिळवून द्यायला नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत झुंजावे लागले!) अशा लोकांचा हा खेळ. अ‍ॅनफिल्डच्या ‘कॉप’ नावाच्या गॅलरीत हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहत. १९८९-९० च्या हंगामातही तेथले स्वस्तातले तिकीट ४ पौंडांचे होते.

मग हे चित्र पालटले कसे? त्यामागे एक मोठे दुःख आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना होता. उभ्याच्या गॅलरीत, लोखंडी कुंपणाच्या आत, नको तितकी माणसे सोडली गेली. त्या चेंगराचेंगरीत ९७ जीव गेले. त्यातला शेवटचा २०२१ मध्ये, जुन्या जखमांनी. पोलिसांनी आणि एका वृत्तपत्राने दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, हे ज्युरीच्या तोंडून ऐकायला त्या घरांना एप्रिल २०१६ पर्यंत, सत्तावीस वर्षे, लढावे लागले.

त्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर उभे राहणे बंद करा, सर्वांना खुर्च्या द्या, असे त्यांनी सांगितले. पण त्याबरोबर हेही लिहिले की, खुर्चीचे तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ नये. दाखलाही दिला. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर उभ्याचे तिकीट ४ पौंड, तर खुर्चीचे ६ पौंड होते. क्लबांनी खुर्च्या बसवल्या. दराची गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली गेली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा ओतू लागला आणि तिकिटे चढतच गेली.

खरा संताप येतो तो येथेच. पैसा नव्हता म्हणून दर वाढले असते तर एकवेळ समजू शकलो असतो. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये या लीगने ब्रिटनमधले तीन हंगामांचे थेट प्रक्षेपणाचे हक्क ५१३ कोटी पौंडांहून अधिक रकमेला विकले होते. एवढा पैसा आल्यावरही गोदीतल्या माणसाच्या खिशात हात घालण्याची गरज कोणाला होती? आणि टीव्हीवर जो गजबजाट विकला जातो, तो करतो तरी कोण?

अ‍ॅनफिल्डचा धक्का मात्र दूरवर बसला. ९ मार्च २०१६ रोजी प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवले की, परगावी आपल्या संघामागे जाणाऱ्या प्रेक्षकाकडून ३० पौंडांहून अधिक घ्यायचे नाहीत. तीन हंगामांसाठी झालेला हा ठराव पुढे वारंवार वाढवला गेला. जर्मनीतही अ‍ॅनफिल्डनंतर तीनच दिवसांनी डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी स्टुटगार्टमधल्या महागड्या तिकिटांचा निषेध म्हणून मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. तसे जर्मनीत चित्र बरे आहे. तेथे बहुतेक क्लबांत मतांची बहुसंख्या सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत आजही सुमारे चोवीस हजार माणसे उभ्याने सामना बघतात. बायर्न म्युनिकचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस एकदा जे बोलले त्याचा मथितार्थ असा होता की, चाहता म्हणजे पिळून काढायची दुभती गाय नव्हे. म्युनिकचे हे गृहस्थ काही साधुसंत नव्हेत, पण हे बोलले खरे.

इंग्लंडात मात्र लढाई संपलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, मँचेस्टर युनायटेडने उरलेल्या सामन्यांच्या सभासद-तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. मुलांची सवलत बंद, म्हाताऱ्यांची सवलत बंद. आपल्याकडे एसटीतसुद्धा पोराला अर्धे तिकीट असते! बाप आणि दोन मुले धरली तर १९८ पौंड झाले. त्या वर्षीची किमान मजुरी तासाला ११ पौंड ४४ पेन्स. म्हणजे सतरा तासांहून अधिक राबणे, दोन दिवसांची पुरी मजुरी, आणि मध्यंतरातला चहा वेगळाच.

१ डिसेंबरला एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याआधी चाहते मैदानाबाहेर निषेधाला जमले. पुढे २०२५-२६ च्या हंगामासाठी क्लबने पासाचे दर पाच टक्क्यांनी वाढवले. सोळा वर्षांखालील मुलांचे दर मात्र आहेत तेच ठेवले.