सातारा व सांगली जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांमधील जागतिक संस्कृती व घडामोडींचे शिक्षण

सातारा व सांगली जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांमध्ये जागतिक संस्कृती व आंतरराष्ट्रीय घडामोडी हा स्वतंत्र विषय नाही. राज्य मंडळाच्या शाळांत त्याचे घटक राज्यशास्त्र, भूगोल व इतिहास या विषयांत विभागलेले आहेत. पुस्तकातील दूरचे जग विद्यार्थ्यांच्या परिसराशी जोडणे, हे या अध्यापनाचे मुख्य आव्हान मानले जाते.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांची शैक्षणिक परंपरा बरीचशी सामाईक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या साताऱ्यातील वसतिगृहात निरनिराळ्या जाती-धर्मांची मुले एकत्र राहत व जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. भिन्न संस्कृतींच्या लोकांबरोबर राहण्याचे शिक्षण तेथे दैनंदिन व्यवहारातून मिळत असे.

पाचगणीतील निवासी शाळांची परंपरा वेगळी आहे. बहाई धर्मीयांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या न्यू एरा हायस्कूलसारख्या शाळांत परदेशी विद्यार्थीही शिकत आले आहेत. तेथे अन्य देशाचा परिचय वर्गमित्राकडून होऊ शकतो; ग्रामीण शाळेत तो प्रामुख्याने पाठ्यपुस्तक व शिक्षक यांच्यावर अवलंबून असतो.

अभ्यासक्रमातील स्थान

२०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी, भारताचे परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे, भारत व अन्य देश आणि आंतरराष्ट्रीय समस्या हे पाठ आहेत. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे, तर इतिहासात पाश्चात्त्य इतिहासलेखनाच्या परंपरेची ओळख करून दिली आहे.

स्थानिक संदर्भ

पाठ्यपुस्तकातील अनेक घटकांना या परिसरातील उदाहरणांची जोड देता येते.

महायुद्धे : सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावातील ४६ सैनिक पहिल्या महायुद्धात कामी आले. गावातील स्मारकावरून युरोपातील युद्धाची झळ एका मराठी खेड्याला कशी लागली, हे समजते.

परराष्ट्र धोरण : यशवंतराव चव्हाण यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे झाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात ते संरक्षणमंत्री झाले व १९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री होते.

संयुक्त राष्ट्रे : युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कास पठार, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा त्यांत समावेश आहे.

निर्वासितांचा प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेल्या सुमारे ५,००० पोलिश नागरिकांची वसाहत शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वळिवडे येथे होती. पाचगणी येथेही पोलिश मुलांची सोय करण्यात आली होती.

जागतिक बाजारपेठ : ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा साखर उत्पादक व निर्यातदार देश आहे. तेथील कारखाने उसापासून साखर किती व इथेनॉल किती तयार करतात, याचा परिणाम साखरेच्या आंतरराष्ट्रीय भावावर होतो. कृष्णाकाठच्या ऊस उत्पादकांच्या घरातील विद्यार्थ्यांना दहावीच्या भूगोलातील ब्राझील त्यामुळे परका राहत नाही. सांगलीची हळद व तासगाव परिसरातील द्राक्षे यांच्या निर्यातीतूनही आयातदार देशांचे नियम समजावता येतात.

अभ्यासाची साधने

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचे साधन याच परिसरात निर्माण झाले. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळे देश, धर्म, भाषा व कला यांवरील नोंदी असलेला हा वीस खंडांचा कोश आता संकेतस्थळावरही विनामूल्य उपलब्ध आहे.

मर्यादा

पाठ्यपुस्तक अनेक वर्षे तेच राहते. घडामोडी मात्र थांबत नाहीत. जानेवारी २०२० अखेर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. या दोन्ही घटना २०१७ च्या पुस्तकानंतरच्या आहेत. ही उणीव वृत्तपत्रवाचन व वर्गातील चर्चा यांनी भरून काढावी लागते. एकाच घटनेच्या दोन वेगवेगळ्या बातम्यांची तुलना केल्यास माहिती व मत यांतील फरकही लक्षात येतो.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाच्या रचनेची आहे. आंतरराष्ट्रीय राजकारण नववीत येते, तर दहावीचे राज्यशास्त्र संविधान, निवडणुका, राजकीय पक्ष व चळवळी अशा भारतीय विषयांपुरते आहे. त्यामुळे मंडळाच्या परीक्षेच्या वर्षी हा धागा तुटतो. दहावीनंतर विज्ञान वा तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत नववीचे वर्ष हीच या विषयाच्या औपचारिक शिक्षणाची अखेर ठरते.

स्थानिक उदाहरणांनाही मर्यादा आहे. ओळखीच्या गोष्टीपासून केलेली सुरुवात तेथेच थांबल्यास ब्राझील केवळ साखरेचा स्पर्धक म्हणून लक्षात राहतो. तेथील लोक, भाषा व समाज अपरिचितच राहतात.