हातातील पडद्यावर देहाचे त्रिमित दर्शन

शेलार परिसरातील आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे पालक यंत्रमागावर वा गोदामांत श्रम करतात. अशाच एका पालकांचे, माळ्यावरून पडल्याने, टाचेचे हाड मोडले. दवाखान्यात गर्दी होती; प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या हातातील टॅब्लेट त्यांच्याकडे वळवला. बोट फिरवताच मोडलेले हाड चहूबाजूंनी दिसू लागले. पालकांनी विचारले, “साहेब, हा मागचा तुकडा पुन्हा जागेवर बसेल का?” आधी ते केवळ मान हलवीत होते, हाड दिसले आणि ते प्रश्न विचारू लागले. हे चित्र घडते कसे, ते समजून घेऊ.

१८९५ मध्ये विल्हेल्म रोन्टजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि देह न उघडता हाड दिसू लागले. मात्र ते चित्र सपाट असते. पुढचे-मागचे सारे एकमेकांवर पडते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे टिपली. हाच सीटी स्कॅन. या कार्यासाठी हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भिवंडीकराला हे तंत्र कापडाच्या ताक्यावरून सहज उमगेल. घडीवर घडी रचली की ताका होतो. त्याचप्रमाणे शेकडो पातळ छेदचित्रे एकावर एक रचली की अवयवाचा त्रिमित आकार उभा राहतो. छेदातील प्रत्येक बिंदूला घनतेनुसार अंक असतो: पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला शेकड्यांपासून हजारापुढे. संगणकाने कमी अंकांचे बिंदू लपविले की त्वचा व स्नायू दूर होऊन केवळ हाड उरते. यासाठी रुग्णावर पुन्हा किरण सोडावे लागत नाहीत. आधीच्याच स्कॅनमधून हे चित्र तयार होते.

टॅब्लेटच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०११ मध्ये अशा एका अ‍ॅपला निदानासाठी मान्यता दिली, तीही मोठे संगणक-केंद्र उपलब्ध नसेल तेव्हापुरतीच. लहान पडद्यावर, खिडकीच्या उजेडात बारीक भेग नजरेतून सुटू शकते. त्रिमित आकार देखणा असला, तरी निदानासाठी तज्ज्ञाने मूळ छेदचित्रे पाहणे अनिवार्य आहे. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला, तर मूळ अंक त्यात राहतच नाहीत. म्हणून स्कॅन झाल्यावर फिल्म व अहवालासोबत ‘डायकॉम’ स्वरूपातील सीडीही मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना तीच उपयोगी पडते, आणि पुन्हा स्कॅन करण्याचा खर्च व किरणांचा मारा टळू शकतो.

इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांला वारंवार जाणवले, की ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले की उरलेल्यांच्या वाट्याला केवळ आज्ञापालन येते. न समजता केलेली सही ही खरी संमती नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या डॉक्टर झाले, तर त्यांनी गर्दीतही क्षणभर थांबून पडदा रुग्णाकडे वळवावा. इतरांनी आई-वडिलांसोबत दवाखान्यात जावे आणि नम्रपणे, पण निःसंकोच म्हणावे, “डॉक्टर, आम्हांलाही दाखवा.”